एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जाम : सोडवायचा की काढून फेकायचा?

रात्रपाळी

आधी सांगून टाकतो, बाईकच्या इंजिनच्या हेडमधल्या व्हॉल्व्हबद्दल विचारत नाहीये. चारही बेंड पाईप खाली एकत्र येतात, त्याच्या जरा मागे नळीच्या आत नाण्यासारखी एक चकती असते. आडव्या शाफ्टवर बसवलेली. सीटखालची छोटी मोटर दोन केबलींनी ती फिरवते. ती चकती जाम झालीय.

गाडी चार सिलिंडर, इंजेक्शनवाली. सात महिने कव्हरखाली उभी होती. मी छापखान्यात रात्रपाळीला आहे, दिवसा झोपतो, रविवार तेवढा हातात. तरी बेवारस सोडली नव्हती. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं चालू करून बंद करायचो.

पूर्वी चावी फिरवली की सीटखालून 'झिंऽऽ झिंऽऽ' असा आवाज यायचा, मोटर एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. आता एकदाच 'टक्' होतं, मग शांतता आणि डॅशवर पिवळा दिवा. चार हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) खाली गाडीत जीव नाही. क्लच सोडताना दोनदा बंद पडली. वर गेली की नेहमीसारखी पळते.

दोन्ही केबली चकतीच्या शाफ्टवरच्या पुलीवरून सोडल्या. मोटर एकटी मस्त फिरते, म्हणजे गुन्हेगार ती नाही. पुली पक्कडीत धरून जोर लावला, ढिम्म हलली नाही. त्याआधी पुलीवरच्या झाकणाचे तीन बोल्ट काढताना एकाचं डोकं हातात आलं ते वेगळंच.

आता काय करू? तेल मारत बसू, की चकती काढून टाकून विषय संपवू?

तेलकट_हात

पक्कड आधी खाली ठेवा. पुली पातळ पत्र्याची असते आणि शाफ्टवर छोट्याशा खाचेत बसते. चकती सुटायच्या आधी ती खाच गोल होईल, मग नुसती पुली फिरेल आणि तुम्हाला वाटेल काम झालं.

मॉडेल लिहिलं नाहीत, डॅशवर दिसणारा बिघाडाचा कोडही नाही. यामाहात १७ म्हणजे मोटरच्या वायरिंगची तक्रार आणि १८ म्हणजे मोटर अडकलीय. सुझुकीत सी४६ येतो. तुमच्या डॅशवर काय येतं ते बघा. केबली सोडून मोटर फिरवून पाहिलीत ते बरं केलंत. निम्मे लोक ते न करताच नवी मोटर घेऊन येतात.

गाडीवर असताना हे सुटणार नाही, पाईप खाली उतरवा. शाफ्ट उभा राहील असा पाईप टेकवा, म्हणजे तेल गुरुत्वाकर्षणाने बुशमध्ये (शाफ्ट ज्या नळीत फिरतो तिच्यात) उतरेल. शाफ्ट आडवा असताना मारलेलं तेल पाईपवरून जमिनीवर जातं. एका टोकाला रात्रभर, मग उलटा करून दुसऱ्या टोकाला रात्रभर. गंज सोडवणारंच तेल घ्या. चेनवर मारायचा स्प्रे इथे कामाचा नाही.

मग उष्णता. शाफ्टला नाही, बुशच्या बाहेरच्या धातूला. बाहेरचं भोक फुगलं पाहिजे, आतला दांडा नाही. तेल पूर्ण पुसल्याशिवाय गॅसची टॉर्च पेटवू नका. आणि ब्रेक क्लीनरने धुतलं असेल तर पूर्ण वाळू द्या. क्लोरीनवाला क्लीनर तापला की त्यातून फॉस्जीन वायू निघतो. फुप्फुसं जाळणारा वायू आहे, गंमत नाही.

वारा_प्यायलेला

इतकं कशाला? चकतीचे दोन स्क्रू काढा, चकती बाहेर, मोटरच्या जागी डमी प्लग लावा, म्हणजे कॉम्प्युटरला मोटर आहे असंच वाटतं. दिवा जातो. माझ्या गाडीत तीन वर्षं तसंच आहे. तो व्हॉल्व्ह फक्त आवाजाच्या चाचणीत पास व्हायला लावलेला असतो.

दोन_ठोके

वारा_प्यायलेला, 'फक्त' हा शब्द काढ. आवाजासाठी वापरतात हे खरं, पण जन्म त्यासाठी झालेला नाही.

धूर बाहेर पडताना नळीत दाबाची लाट जाते. टोकाला पोचली की परत येते. वरच्या फेऱ्यांवर ती परतीची लाट अशा वेळी येते की सिलिंडर चांगला रिकामा होतो. खालच्या फेऱ्यांवर वेळ चुकते, आणि इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना जळका वायू आत ढकलला जातो. चकती थोडी बंद केली की ती उलटी लाट मोडते. यामाहाने १९८७ मध्ये एफझेडआर४००आर वर हे एक्सअप नावाने आणलं, १९८९ मध्ये एफझेडआर१००० वर आलं. त्यामुळे रात्रपाळीची गाडी चार हजारच्या खाली मेलीय, ती अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. चकती उघड्या अवस्थेत अडकलीय. बंद अडकली असती तर उलटं झालं असतं, वर श्वास कोंडला असता. रात्रपाळी, चकती काढून टाकलीस तर आजची तक्रारच कायमची होईल, फक्त दिवा लागणार नाही.

मी टू-स्ट्रोकचा माणूस. यामाहाच्या १९८३ च्या आरडी३५० वायपीव्हीएस मध्ये पॉवर व्हॉल्व्ह होता (आपल्याकडच्या राजदूत ३५० मध्ये नव्हता). तिथे ड्रम फिरून एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडायच्या भोकाची, उंची बदलायची. तो जाम व्हायचा तेलाच्या चिकट काजळीने. रात्रभर सॉल्व्हंटमध्ये टाकला की सकाळी बोटाने फिरायचा. तुझ्या फोर-स्ट्रोकमध्ये तसं नाही. तिथे कोरडा गंज आणि वर कोरडी काजळी. सॉल्व्हंट गंज विरघळवत नाही, फक्त फटीत शिरतं. गंजाची भुकटी करायला हालचालच लागते, केसाएवढी का असेना.

आणि एक विचारतो, रागावू नकोस. आठवड्याला दोन मिनिटं गाडी चालू करायचास ना? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. लांब फिरलास तर वाफ होऊन निघून जातं. दोन मिनिटांत पाईप तापतच नाही, ते पाणी आतच साचून बसतं. सात महिने तू त्या शाफ्टला पाणी घातलंस.

रात्रपाळी

काका, रागावलो नाही, पण तुमचं वाचून चहा गार झाला. आईला सांगत होतो, "गाडी जिवंत ठेवतोय."

कोड पाहिला. मोटर अडकल्याचाच आहे. पाईप उतरवतो.

रात्रपाळी

बारा दिवसांनी लिहितोय, कारण बारा दिवस लागले.

पाईप उतरवायला एक सकाळ गेली. हेडवरचे आठ नट सोडायच्या आदल्या दिवशीच तेल मारून ठेवलं होतं, एकही तुटला नाही. मफलर वेगळा करून मागून टॉर्च मारली. चकती जवळजवळ पूर्ण उघडी, काठावर तपकिरी पापुद्रा. दोन_ठोके काका बरोबर.

शाफ्ट उभा करून पाईप बादलीत टेकवला. रोज सकाळी कामावरून आलो की थेंब थेंब तेल, झोपून उठलो की पाईप उलटा. तीन दिवस काही नाही. शाफ्टच्या टोकाला पुलीसाठी दोन चपट्या बाजू आहेत, त्यावर रिंग पाना बसत नाही पण फिक्स पाना नेमका बसतो. पुली काढून ठेवली आणि पाना थेट शाफ्टवर लावला. चौथ्या दिवशी तेल पुसून हीट गनने बुशभोवती पाच मिनिटं तापवलं, हात टेकवता येईल एवढं कोमट झाल्यावर पुन्हा तेल. निवताना ते आत ओढलं जाताना दिसतं, कडेचा थेंब हळूहळू बारीक होतो. त्यानंतर पाना लावला. काही नाही.

पाचव्या दिवशी खडूने शाफ्ट आणि बुशवर मिळून एक रेघ मारली. हललं की नाही हे हाताला कळत नाही, हात आशेने खोटं बोलतो. पाना दाबला, सोडला, रेघ पाहिली. रेघ तुटली होती! अर्धा मिलिमीटर असेल.

इथे मी गाढवपणा करणार होतो. हललं म्हटल्यावर त्याच दिशेला जोर वाढवला आणि पुन्हा घट्ट झालं, आधीपेक्षा जास्त. मग छापखाना आठवला. रोलरमध्ये कागद अडकला की नवीन पोरगा ओढतो आणि आणखी आत जातो. जुना माणूस आधी रोलर उलटा फिरवतो. इथेही गंजाची भुकटी पुढे ढकलली जाऊन पाचर बनत होती. पाना उलट्या दिशेला नेला, अलगद परत आला. मग पुढे अर्धा, मागे अर्धा, तेल. पुढे एक, मागे एक, तेल. दर वीसएक खेपांनी बुशच्या कडेने चहाच्या रंगाचं पाणी निघायचं, ते पुसायचं. जोर वाढवायचा नाही, फक्त खेपा. रेडिओ लावून बसलो होतो. सहाव्या दिवशी पाव फेरी. नवव्या दिवशी चकती पूर्ण बंद झाली, पूर्ण उघडली, आणि कडेला 'टण्' असा स्वच्छ आवाज आला. बायको बाहेर आली, म्हणाली काय फुटलं?

फिरायला लागल्यावर केरोसीनने धुतलं, तारेच्या ब्रशने चकतीचा काठ साफ केला. शाफ्ट बाहेर काढला नाही. चकतीच्या स्क्रूंची टोकं कारखान्यातच ठोकून पसरवलेली दिसली. ते सोडवायला गेलो असतो तर आणखी बारा दिवस.

ग्रीस कुठलं लावू हे कळेना म्हणून साधं लावलं नाही, तसाच बसवला. पाईप चढवला, गॅस्केट नवीन, केबली जोडल्या, चावी फिरवली. 'झिंऽऽ'... 'टक्'. पिवळा दिवा. तोच कोड.

खरं सांगतो, पाना फेकला नाही, पण हातात घट्ट धरून बराच वेळ उभा राहिलो.

तेलकट_हात

साधं लावलं नाहीत ते उत्तम. लिथियम ग्रीस १८०-१९० अंशांच्या आसपास ओघळतं, मग जळतं आणि त्याचीच काजळी बुशमध्ये बसते. तांब्याची अँटी-सीझ पेस्ट (धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावतात ती) शाफ्टच्या दोन्ही टोकांना अगदी पातळ लावा, बस.

आता दिवा. केबली उलट्या तर लागल्या नाहीत ना? एक उघडायला ओढते, दुसरी बंद करायला. दोघींची अदलाबदल झाली की मोटर उघडायला जाते आणि चकती बंद होऊन अडते.

रात्रपाळी

सोडतानाच एकीवर पांढरी टेप लावली होती. अदलाबदल नाही.

तेलकट_हात

मग ताण. व्हॉल्व्ह जाम असताना मोटर ओढत राहिली, तेव्हा केबल आणि तिचं बाहेरचं आवरण जागा बदलतात. आता तुम्ही दोन्ही घट्ट केल्यात असं दिसतंय. दोन्ही ताणलेल्या असल्या की मोटर टोकाला पोचायच्या आधीच भार जाणवतो आणि कॉम्प्युटर म्हणतो अडकली.

केबलींचा ताण पक्का करणारे दोन्ही लॉकनट सैल करा. चावी चालू करून मोटर तिच्या मूळ जागी येऊ द्या. पुलीच्या खाचेसमोर बॉडीत बारीक भोक असतं, बऱ्याच गाड्यांत असतं. त्यात ड्रिलची जुनी काडी घालून पुली अडकवा. आता दोन्ही केबलींचा ढिलेपणा नुसता जाईल एवढंच फिरवा आणि लॉकनट लावा. काडी काढल्यावर पुली बोटाने किंचित, नखाएवढी हलली पाहिजे. हललीच नाही तर घट्ट आहे. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या.

वारा_प्यायलेला

डमी प्लग अजून विकत मिळतो, बरं का.

रात्रपाळी

भोक सापडलं, काजळीने भरलं होतं, सुईने उकरलं. केबली दोन्ही तारेसारख्या ताणलेल्या होत्या, तुम्ही म्हणालात तसंच. सैल केल्या, चावी फिरवली.

झिंऽऽ झिंऽऽ.

जुना कोड पुसला, दिवा गेला. आज सकाळी पाळी संपवून तास-दीड तास फिरवून आणली. तीन हजारवर क्लच सोडला, शहाण्यासारखी निघाली. परत आल्यावर पाईप पूर्ण गार होईपर्यंत थांबलो आणि पेस्ट लावली.

आता तो तुटलेला बोल्ट. झाकण दोन बोल्टांवर बसलंय, हलत नाही. ड्रिल मारून काढू का, की राहू देऊ?

दोन_ठोके

राहू दे. पुढच्या वेळी पाईप उतरवशील तेव्हा मेजावर धरून मध्यभागी ड्रिल मार. गाडीखाली आडवं पडून मारलेलं ड्रिल सरळ जात नाही, आणि आटे गेले की झाकणाचं भोक कायमचं गेलं.

आणि आठवड्याला दोन मिनिटांचं ते पूजाअर्चेसारखं चालू करणं बंद. वेळ नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेव आणि गाडीला झोपू दे.

रात्रपाळी

हो काका. आईलाही सांगितलं. ती म्हणाली, मग इतके महिने सकाळी सातला झोपमोड कशाला केलीस?