शब्दचर्चा : गाय आटते तेव्हा कासेतल्या पेशी ‘मरतात’, की आणखी काही म्हणावे?

गावातल्या बचत गटाच्या बायांसाठी गाय आटवण्यावर चार पाने लिहायला घेतली आहेत. आमचे गाव आर्वी तालुक्यात, घरोघरी एकदोन गवळाऊ गाई. धार थांबवली की दूध कासेतल्या बारीक पिशव्यांमध्ये साचते आणि मग त्या पिशव्यांना आतून अस्तरासारख्या लागलेल्या, दूध तयार करणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच पेशी ठरल्या क्रमाने संपतात, हे मला सांगायचे आहे. शास्त्रात याला अपोप्टोसिस म्हणतात. मराठीत तीन शब्द वाचायला मिळाले : पेशीमृत्यू, नियोजित पेशीमृत्यू आणि ‘पेशींची आत्महत्या’.

तिसरा शब्द मी वापरणार नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझ्या वर्गात वडील गेलेली मुले बसतात. त्यांच्या घरी या शब्दाने काय काय ओढून नेले ते गावाला माहीत आहे. तो शब्द गाईच्या कासेत काय घडते ते समजावायला मी फळ्यावर लिहू शकत नाही. शिवाय तो चूकही आहे. पेशी कुठे वैतागलेली असते, कुठे एकटी पडलेली असते? पण ‘पेशीमृत्यू’ म्हटले की कास बिघडली असे बायांना वाटेल. काय लिहू?

कास्तकार, यवतमाळकडचा : ताई, पेशीचं मले समजत नाही, गाईचं सांगतो. आमच्याकडे ‘आटली’ अन् ‘भाकड झाली’ हे एक नाही. आटली म्हणजे पोटात वासरू हाय, दोन महिन्यांत व्याईल, पुन्हा बादली भरन. भाकड म्हणजे दूधही नाही अन् गाभणही नाही. एखादीले भाकड म्हटलं का मानूस बाजाराचा रस्ता पाह्यते. कागदावर गाभण गाईच्या सुट्टीले ‘भाकडकाळ’ लिहितात, ते मले अजिबात पटत नाही. तुम्ही तरी लिहू नका.

अन् आटवनं म्हणजे काय, तर ढेप कमी करतो, कुटारावर ठेवतो, मंग धार सोडतो. दोन-चार दिवस कास तटतटते. घरच्या बाईचा जीव राहत नाही, ते थोडी पिळून घेते. पिळली का गाय पुन्हा पान्हा सोडते. हेच पह्यले समजावून सांगा.

पशुवैद्यक, अकोला : भाऊंनी लाखातली गोष्ट सांगितली. पिळू नका, याला शास्त्रात भक्कम आधार आहे. कासेला आटण्याचा निरोप मुख्यतः तिथे साचलेल्या दुधातूनच मिळतो. उंदरांवरच्या प्रयोगात एकाच स्तनग्रंथीचे तोंड बंद केले आणि बाकीच्यांतून पिल्ले पीत राहिली. रक्तातली संप्रेरके सगळ्या ग्रंथींना सारखीच मिळत होती, तरी बंद केलेली तेवढीच आटली. उंदरात पहिले साधारण 48 तास मागे फिरता येते, पिल्ले परत लावली की दूध सुरू होते. त्यानंतर मात्र पेशींच्या खालचा आधाराचा पडदा विरघळवणारी विकरे कामाला लागतात, पिशव्या मिटतात आणि त्या जागी पुन्हा चरबी भरते.

एक दुरुस्ती. ‘बऱ्याच पेशी’ हे उंदराचे चित्र झाले, गाईला जसेच्या तसे लावू नका. गाय आटते तेव्हा बहुधा गाभण असते, त्यामुळे एकीकडे जुन्या पेशी जातात आणि दुसरीकडे पुढच्या वेताच्या नव्या तयार होतात. साधारण 60 दिवसांची सुट्टी द्यायची ती या अदलाबदलीसाठी. ही विश्रांती चुकवली तर पुढच्या वेताला दूध कमी मिळते.

शब्दाचे म्हणाल तर माझे मत ‘अपोप्टोसिस’च ठेवा. लोक इन्फेक्शन म्हणतात, सोनोग्राफी म्हणतात, हाही रुळेल. दगडीत, म्हणजे कासदाहाच्या आजारात, जे होते ते वेगळे आहे हे मात्र स्पष्ट लिहा. कासदाहात पेशी फुगून फुटतात, आतला ऐवज सांडतो, सूज येते. इथे पेशी उलट आक्रसते, तिच्यातले पाणी कमी होते, तिचे छोटे छोटे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशीच ते गिळून टाकतात.

मूळ लेखिका : डॉक्टर, ‘आक्रसते, पाणी कमी होते’ हे तुम्ही लिहिले आणि मी थबकले. म्हणजे पेशीही आटतेच की! दूध आटते, कास आटते, पेशी आटते. आपल्याकडे विहीर आटते, बासुंदीचे दूध आटवतात, सोनेही आटवतात. आटलेली विहीर मेली असे कोणी म्हणत नाही. फक्त ‘दूध आटवणे’ आणि ‘गाय आटवणे’ यांत घोळ होऊ नये म्हणून नेहमी गाईचे नाव घ्यावे लागेल.

वाचक, नागपूर : मूळ शब्दाचीच गोष्ट ऐका. 1972 मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी एका ब्रिटिश कर्करोगविषयक नियतकालिकात हे नाव पहिल्यांदा मांडले. शब्द सुचवला तो ॲबर्डीन विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. अपो म्हणजे दूर, प्टोसिस म्हणजे पडणे. झाडावरून पान गळते किंवा फुलाची पाकळी गळते, ते हे गळणे. आपल्याकडे ‘पानगळ’ असा नेमका शब्द असताना ‘आत्महत्या’ कुठून आणली? माझी सूचना : पेशीगळ.

‘नियोजित’ तर मला कार्यालयीन वाटतो. ठरलेले असते हे खरे. एका सूक्ष्म कृमीच्या वाढीत 1090 पेशी तयार होतात आणि त्यांतल्या 131 दर वेळी ठरल्या जागी, ठरल्या वेळी जातात. पेशींच्या या ठरलेल्या जाण्यावरच्या कामाला 2002 चे नोबेल मिळाले. पण ते ठरणे झाडाला पान कधी सोडायचे ते कळते, तसले आहे. तिथे कोणी आराखडा घेऊन बसलेले नसते.

कास्तकार, यवतमाळकडचा : पेशीगळ नका लिहू भाऊ. आमाले ‘गळ’ म्हटलं का पातेगळ आठवते. पराटीले, म्हणजे कपाशीले, पाते (फुलाच्या कळ्या) लागले अन् पावसाची झड बसली का सारे पाते खाली. ते नुकसान हाय. गाभ गळते तेबी नुकसानच. पानगळ तेवढी वेगळी. सागाचं पान झडलं म्हणून कोनी रडत नाही. पळस तर पानं झाडून टाकते तवाच फुलते.

पशुवैद्यक, अकोला : हे मान्य. माझी एक शंका होती की पान झाडाच्या बाहेर पडते, पेशी मात्र शेजारणी खातात, मग उपमा जुळणार कशी? पण पहिल्या टप्प्यात काही पेशी खरोखरच अस्तरापासून सुटून साचलेल्या दुधात पडतात. तेव्हा पानगळ चालेल. अपोप्टोसिस एकदा तरी येऊ द्या, म्हणजे पुढे शिकणाऱ्या मुलीला धागा सापडेल.

मूळ लेखिका : येईल, एकदाच. ‘भाकडकाळ’ काढून ‘आटवणीचे दिवस’ केले. आता मजकूर असा :

‘धार थांबली की कास तटतटते. पिळू नका. साचलेले दूधच कासेला सांगते की आता थांबायचे. मग दूध तयार करणाऱ्या जुन्या पेशी आक्रसतात आणि पानगळीत पाने गळावीत तशा जागा सोडतात. याला अपोप्टोसिस म्हणतात. हा आजार नाही. कास गरम लागली, दगडासारखी घट्ट झाली, गाय हात लावू देईना, तर ती दगडी असू शकते. लगेच डॉक्टरांना बोलवा. आटवणीच्या दोन महिन्यांत जुन्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात.’

कास्तकार, यवतमाळकडचा : बराबर. फक्त ‘जागा सोडतात’च्या आधी ‘पुढच्या वेतासाठी’ टाका. आमच्या घरी मी वाचून दाखवतो.