'नियंत्रण आयोग' की 'नियामक आयोग'? आणि 'उचित' वीज म्हणजे काय?

निपाणीकर
विरोधी पक्षातल्या एका नेत्यांचं वीजदराविरुद्धचं कन्नड पत्रक मराठीत करायला आलंय. पक्ष कुठला ते सोडा. आमच्या कर्नाटकातल्या सीमाभागात सगळ्यांचीच पत्रकं दोन भाषांत निघतात. मी तीन ठिकाणी अडलोय. 'विद्युत् नियंत्रण आयोग' तसंच ठेवू की महाराष्ट्रासारखं 'विद्युत नियामक आयोग' करू? 'दर परिष्करणे'ला काय म्हणू? आणि 'उचित विद्युत्' मला कळतं, पण चिक्कोडीहून पत्रक महाराष्ट्रात कागलला गेलं तर?

कोल्हापूरकर
'उचित वीज' वाचून मला आधी वाटलं, व्होल्टेज बरोबर असलेली वीज. आमच्याकडं पंप जळतात म्हणून तशी मागणीही रास्तच आहे म्हणा.

खासबागचा मागवाला
अहो, कन्नडमध्ये उचित म्हणजे मोफत. बेळगावात लहान पोरालाही ठाऊक आहे, पाट्यांवर असतंय की. पण मराठीत 'फुकट' लिहू नका, 'मोफत' लिहा. फुकट म्हटलं की घेणाऱ्याची लाज काढल्यासारखं होतं. आम्ही यंत्रमागवाले वर्षानुवर्षं सवा रुपया युनिट दराची सवलत घेतली, त्यात लाज कसली? माग थांबला की घर थांबतं.

उद्यमबाग
मागवाल्या दादांशी सहमत. पण मोफत आणि सवलत हे दोन शब्द पत्रकात एकमेकांच्या जागी टाकू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे सरकारला कुणाला स्वस्त वीज द्यायची असेल तर ती रक्कम सरकारने कंपनीला आगाऊ भरायची असते. म्हणजे दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज शेतकऱ्याला मोफत, हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या भागातल्या वीज वितरण कंपनीच्या वहीत मात्र ती 'अनुदान'. ते वेळेवर आलं नाही की कंपनी तुटीत जाते, आणि पुढच्या वर्षी तीच कंपनी आयोगाकडं दर वाढवून मागते.

आता आयोगाचं. कन्नड नाव 'नियंत्रण' असल्यामुळे आपल्याकडं लोक धरून चालतात की हे लोक दर आवरून धरायला बसलेत. दर वाढला की म्हणतात, नियंत्रण कुठं गेलं? काम वेगळं आहे. कंपनी खर्चाचा हिशेब देते, तो जाहीर होतो, लोक हरकती घेतात, जाहीर सुनावणी होते आणि आयोग दर ठरवतो. कधी वाढवतो, कधी मागितल्यापेक्षा कमी देतो. म्हणून अर्थाने 'नियामक'च जवळचा. पण ते संस्थेचं नाव आहे, माझ्या मते बदलू नये. पहिल्यांदा 'कर्नाटक विद्युत नियंत्रण आयोग' लिहा, पुढं नुसतं 'आयोग'.

हुक्केरी
आमच्या तालुक्यात हेस्कॉम नाही, ग्रामीण विद्युत सहकारी संघ आहे, १९६९ पासूनचा. मतदान आम्ही करतो, संचालक आम्ही निवडतो, पण दर आयोगच ठरवतो. संघाच्या निवडणुकीत कुणी 'दर कमी करतो' म्हणाला की मला हसू येतं.

निपाणीकर
मग 'सरकारने दरवाढ लादली' हे वाक्य चुकीचं का? पत्रकात तेच मुख्य वाक्य आहे.

उद्यमबाग
व्याकरणाने चूक नाही. कर्ता कोण, एवढाच वाद. २०२३ चं उदाहरण घ्या. विधानसभेचं मतदान १० मेला, आयोगाचा आदेश १२ मेला, निकाल १३ ला. सरासरी ७० पैसे युनिटमागे वाढ, तीही १ एप्रिलपासून लागू. जूनची बिलं हातात पडल्यावर आमच्या फौंड्रीवाल्यांचे डोळे पांढरे झाले. इंडक्शन भट्टीला वीज हाच कच्चा माल समजा. हुबळीच्या व्यापारी-उद्योजकांच्या चेंबरने २२ जूनला बंदची हाक दिली. तोवर भाजप विरोधात गेला होता. त्यांचं वाक्य, 'सरकारने दर वाढवले.' काँग्रेसचं वाक्य, 'दर आयोगाने वाढवले, तेही आम्ही यायच्या आधी.' गंमत अशी की जानेवारीत काँग्रेस विरोधात असताना २०० युनिट मोफतचं आश्वासन याच बेळगाव जिल्ह्यातून दिलं होतं, आणि तेव्हा महाग विजेचा कर्ता त्यांच्या भाषणात सरकारच होतं. खुर्ची बदलली की कर्ता बदलतो, क्रियापद तेच राहतं.

२०२५ च्या एप्रिलपासून कर्मचाऱ्यांच्या पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी युनिटमागे ३६ पैसे लागले. कागदावर 'अधिभार', विरोधकांच्या तोंडी 'दरवाढ'. गिरणीवाल्याला बिलात दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे इथं मी विरोधकांच्या बाजूने आहे.

कोल्हापूरकर
आमच्याकडचे फौंड्रीवाले एके काळी वीजदराला वैतागून तुमच्याकडं स्थलांतर करायची भाषा करत होते. आता तुम्हीच रडताय होय!

खासबागचा मागवाला
रडायला काय, सीमा नसते तेवढ्याला.

हुक्केरी
'परिष्करणे'चं राहिलंच. मराठीत परिष्करण म्हणजे घासूनपुसून शुद्ध करणं. दर शुद्ध करतात होय? कन्नडमध्ये ते नुसतं फेरबदल करणं, आणि सरकारी कागद तो शब्द वाढीसाठीही वापरतात. 'दर फेररचना' लिहा. पत्रक विरोधकांचं आहे तर ते सरळ 'वाढ'च म्हणतील, पण आदेशाचं नाव सांगताना फेररचना.

निपाणीकर
असं करतो: 'आयोगाने मंजूर केलेली दरवाढ सरकारने अनुदान देऊन ग्राहकांवर पडू देऊ नये.' चालेल?

उद्यमबाग
मागणी म्हणून हे पक्कं, कारण अनुदान देणं खरंच सरकारच्या हातात आहे. फक्त 'ग्राहक' ऐवजी 'मागवाले, फौंड्री आणि पंपधारक' असं नावानिशी लिहा. नुसतं ग्राहक म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

निपाणीकर
नेते म्हणतील, वाक्य लांब झालं.

खासबागचा मागवाला
म्हणू देत. 'लादली' तेवढं कुठंतरी ठेवा, नाहीतर ते पत्रक वाटणार नाहीत.