व्हर्जिनियातून तुटलेलं वेस्ट व्हर्जिनिया राज्य घटनेनुसार झालं की अमेरिकन यादवी युद्धाच्या जोरावर?

खानापूरकर: अमेरिकेत राज्य तोडायला त्याच राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. १८६१ ला व्हर्जिनिया तर संघराज्यातूनच फुटली होती. मग संमती दिली कोणी? आणि राज्यं बनवण्या-तोडण्याबद्दलच्या आपल्या घटनेच्या कलम ३ मध्ये अशी अट का नाही?

निपाणी_वाचक: व्हीलिंगच्या सरकारने. १७ एप्रिल १८६१ ला राजधानी रिचमंडला फुटण्याचा ठराव झाला. वायव्येकडच्या संघनिष्ठांनी जूनमध्ये तिथल्याच व्हीलिंग शहरात जमून फ्रान्सिस पियरपाँट यांना गव्हर्नर निवडलं, 'खरं व्हर्जिनिया सरकार आमचं' म्हणून जाहीर केलं. राष्ट्राध्यक्ष लिंकननी ते मानलं. त्यांच्याच विधिमंडळाने मे १८६२ मध्ये संमती दिली. कागदाला अक्षराने खोट नाही, पण बहुतेक व्हर्जिनिया त्यात नव्हतीच. माझ्या मते खरी अडचण तीच. गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवायची अट नव्या राज्याच्या घटनेत घातल्यावरच २० जून १८६३ ला राज्य झालं.

टिळकवाडी: वाद तिथेही लांबला. वेस्ट व्हर्जिनियात गेलेल्या बर्कली आणि जेफरसन काउंट्यांचा (जिल्ह्यांचा) दावा व्हर्जिनिया १८७१ ला सर्वोच्च न्यायालयात हरली. व्हर्जिनियाच्या जुन्या कर्जातला वेस्ट व्हर्जिनियाचा वाटा ठरायला १९१५ उजाडलं!
कलम ३ चं म्हणाल तर विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच येतं. ते राज्याकडे मुदत घालून पाठवतात, तेही फक्त मतासाठी. संसदेवर ते बंधनकारक नाही. म्हणून १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात घालताना मुंबई राज्याची संमती लागली नाही. बेळगावसाठीचा महाराष्ट्राचा २००४ चा दावा कलम १३१ खालचा, म्हणजे राज्यांमधला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेणारा आहे.

खानापूरकर: म्हणजे संमती आणि मत, फरक इथेच. आभारी आहे.