३५ सीसी पेट्रोल आरसी (रिमोटवर उडणारं मॉडेल) विमान: सीजी आणि घूं-घूं करणारा सर्व्हो

पंखविस्तार २ मीटर, पंखाची रुंदी सगळीकडे ४० सेंमी. सीजी (गुरुत्वमध्य, जिथे विमान तोलून राहतं) कुठे धरू? एलेव्हेटरच्या (शेपटीवरची वर-खाली हलणारी पट्टी) दोन सर्व्होंपैकी (ती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एक, रिमोटची स्टिक मध्यावर असतानाही घूं-घूं करतो. बिघडलाय का?

उत्तर १
रुंदी सारखी आहे, म्हणजे सोपं. पुढच्या कडेपासून २५ ते ३० टक्के, म्हणजे १० ते १२ सेंमी. पहिल्या उड्डाणाला १०च ठेवा. टाकी रिकामी करून मोजा. शेपूट जड निघाली तर आधी बॅटऱ्या पुढे सरकवा, शिसं शेवटी.

उत्तर २
सर्व्हो बदलायची घाई नको. पुशरॉड (सर्व्हो आणि एलेव्हेटर जोडणारी काडी) काढून एलेव्हेटर हाताने हलवा. अडकतोय? मग बिजागरी किंवा बॉल-लिंक (पुशरॉडच्या टोकाचा गोल सांधा) घट्ट आहे. मोकळा असेल तर दोन्ही सर्व्हो एकमेकांशी भांडताहेत का पाहा. आर्म (सर्व्होवरचा दांडा) आधी सर्व्होच्या दात्यांवर काटकोनात बसवा, सबट्रिम (रिमोटमधून मध्य किंचित सरकवणं) त्यानंतर.

उत्तर ३
प्रश्नाबाहेरचं, पण उड्डाणाआधी बघा. इंजिनाच्या धातूत जाणाऱ्या बोल्टना निळं थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावाच, कंपनांनी हमखास सुटतात. प्लास्टिकला मात्र नको, तडकतं. इग्निशन (ठिणगी देणारं यंत्र) आणि रिसीव्हरची (विमानातला सिग्नल घेणारा भाग) बॅटरी वेगळी, वायरिंगही लांब. फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर आपोआप होणारी सुरक्षित कृती) तपासताना शेपूट कुणीतरी धरायची आणि ट्रान्समीटर (हातातला रिमोट) बंद करायचा: थ्रॉटल आयडलला (इंजिनाच्या सर्वात कमी वेगाला) आला पाहिजे.