ऑडिओ सीडी कॉम्प्युटरवर नीट कशी उतरवायची? (ख्याल, अभंग, दासरपदं)

टिळकवाडीकर
घरात शंभर-सव्वाशे ऑडिओ सीडी आहेत. ख्याल, नाट्यपदं, भीमसेनजींचे अभंग आणि त्यांचीच कन्नड दासरपदं (हरिदासांची भक्तिपदं). साध्या प्लेयरने १२८ केबीपीएस एमपीथ्री करून बघितलं, तर विलंबितातून द्रुतात जाताना मधेच क्षणभर आवाज तुटूलालाय. काही सीडींवर चटचटही येते. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, घ्यावा लागेल. सॉफ्टवेअर आणि सेटिंग कोणतं?

खानापूरवाला
तुटण्यात सीडीचा दोष नाही ओ. एमपीथ्री करताना प्रत्येक ट्रॅकच्या मागेपुढे थोडी शांतता भरली जाते, ती ऐकू येते. फ्लॅक प्रकारच्या फाइली करा. सीडीवर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असा सेकंदाला १४११ किलोबिट आवाज असतो, फ्लॅक त्यातला एकही बिट टाकत नाही. एक सीडी साधारण ३००-४०० एमबीत बसते. कॉम्प्रेशन ५ ठेवा की ८, आवाज तोच. ८ ला वेळ जास्त लागतो एवढंच.

सीडी उतरवायचं सॉफ्टवेअर: विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी (फुकट आहे), मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत सिक्युअर मोड (प्रत्येक तुकडा एकापेक्षा जास्त वेळा वाचून ताडणारा) निवडा आणि ड्राइव्हची तपासणी चालवा. ड्राइव्ह ऑडिओ कॅश करतो असं निघालं तर ती खूण राहू द्या. ही खूण महत्त्वाची. ती नसली तर दुसऱ्यांदा वाचायला सांगितल्यावर ड्राइव्ह सीडीकडे न बघता स्वतःच्या मेमरीतला तोच तुकडा परत देतो. चूक दोन्ही वेळा सारखी, म्हणून पास! सी-टू (वाचताना झालेल्या चुका ड्राइव्हने स्वतः कळवायची सोय) बंद ठेवा, बरेच ड्राइव्ह त्यात खोटं बोलतात. नॉर्मलाइझही (आवाजाची पातळी बदलणं) बंद. गॅप (दोन ट्रॅकमधली जागा) आधीच्या ट्रॅकच्या शेवटी जोडा.

प्रत्येक ड्राइव्ह ठराविक सॅम्पल पुढेमागे वाचतो, तो फरक म्हणजे ऑफसेट. तो ॲक्युरेटरिप (लोकांनी उतरवलेल्या सीडींच्या ताळ्यांची ऑनलाइन यादी) आपोआप लावतं. बऱ्याच एलजी ड्राइव्हचा +६, पायोनियरचा +६६७ असतो. ६६७ सॅम्पल म्हणजे १५ मिलिसेकंद. कानाला काही कळत नाही, पण दुसऱ्यांच्या रिपशी (उतरवलेल्या प्रतीशी) ताळा जुळायला तो हवाच.

निपाणीकर
सरसकट सिक्युअर मोड कशाला? बर्स्टमध्ये (एकदाच भरभर वाचणारा मोड) काही मिनिटांत सीडी उतरते. ॲक्युरेटरिपशी जुळली तर ती सिक्युअरइतकीच खरी. न जुळणारे ट्रॅक तेवढे परत काढा की.

खानापूरवाला
खूप खपलेल्या सीडीला हे चालतं, मान्य. पण दासरपदं, नाट्यपदं, छोट्या कंपन्यांच्या सीडी त्या यादीत बऱ्याचदा सापडतच नाहीत. मग ताळा कुणाशी लावणार? तिथे ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा. ट्रॅक दोनदा वाचला जातो, दोन्ही सीआरसी (डेटावरून काढलेले ताळ्याचे आकडे) जुळले तर ठीक. एकाच ड्राइव्हवर तीच चूक दोनदा होऊ शकते, म्हणून शंका आली तर दुसऱ्या ड्राइव्हवर काढून बघा. लॉग फाइल (सॉफ्टवेअरने लिहिलेला अहवाल) गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

शहापूरचा
चटचटीबद्दल. आधी सीडी धुवा: कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. पुसताना मधल्या भोकापासून काठाकडे सरळ. गोल गोल पुसू नका. भोकाकडून काठाकडे गेलेला आडवा चरा लेसर क्षणात ओलांडतो. सीडीची चूकदुरुस्ती ट्रॅकवरचा सुमारे २.५ मिमी खंड भरून काढते. गोल चरा मात्र ट्रॅकच्याच दिशेने लांबवर जातो, तिथे ती थकते. टूथपेस्ट वगैरे पार शेवटी, तेही खालच्या बाजूलाच.

आपल्याकडच्या पावसाळ्यात, खानापूर-जांबोटीकडे तर जास्तच, कागदी कव्हरातल्या सीडीला बुरशी धरते. लेबलची बाजू नीट बघा, ॲल्युमिनियमचा थर तिथे लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. सीडी बल्बसमोर धरा. टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर थर गेला. तिथलं गाणं कुठलाच ड्राइव्ह देणार नाही. नुसती चरे पडलेली सीडी असेल तर वाचायचा वेग ४ एक्स (गाणं वाजण्याच्या चौपट) करून बघा, कधीकधी सुटते.

ड्राइव्ह: पातळ यूएसबीवाला चालेल, पण थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. बिनॲडॉप्टरच्या हबवर वीज कमी पडते आणि ड्राइव्ह मधेच गायब होतो. संख्या बघता डेस्कटॉपचा सीरियल एटीए ड्राइव्ह आणि १२ व्होल्ट ॲडॉप्टरवालं केसिंग बरं.

निपाणीकर
अजून एक. बाजारातल्या काही नकली सीडी एमपीथ्रीवरूनच भाजलेल्या (बर्न केलेल्या) असतात. फाइल स्पेकमध्ये (आवाजातल्या खालच्या-वरच्या सुरांचं चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी रेघ दिसली तर संशय घ्या. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणात वरचे सूर मुळातच विरत जातात, ते वेगळं.

टिळकवाडीकर
गाडीतल्या पेनड्राइव्हला काय करू? नावं मराठी-कन्नड दोन्ही हवीत.

खानापूरवाला
मूळ फ्लॅक ठेवून त्यावरून लेमने (एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर) व्ही-झीरो या उच्च दर्जाच्या सेटिंगची एमपीथ्री करा. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट करा. नावं पिकार्ड या सॉफ्टवेअरमध्ये भरा, एमपीथ्रीचे टॅग (फाइलमध्येच लिहिलेली नावं) आयडीथ्री २.३ प्रकारचे ठेवा. गाडीच्या स्क्रीनवर चौकोन आले तर तिच्यात देवनागरी किंवा कन्नड फॉन्टच नाही. मग फक्त पेनड्राइव्हच्या कॉपीत रोमन नावं टाका, मूळ फ्लॅकला हात लावू नका.