फायरफॉक्समध्ये मराठी अक्षरं विचित्र दिसताहेत, मदत हवी आहे (अर्जंट)

सायली_न
वैताग आलाय. ल आणि श हिंदीसारखे दिसतात, अक्षरं बारकी, दोन ओळींत हे एवढं अंतर. 'ॲ' आला की तो एकटाच जाड, दुसऱ्या पेपरातून कापून चिकटवल्यासारखा. कुठेकुठे तर अ आणि त्याच्या चंद्राच्या मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ! कॅशे साफ केली, फायरफॉक्स काढून परत टाकलं. फोनवर सगळं ठीक आहे. सोसायटीच्या स्मरणिकेची प्रुफं मुद्रकाने ब्राउझरमध्येच उघडायला दिलीत आणि संध्याकाळपर्यंत तपासून द्यायचीत. 'क्रोम वापर' हे कृपया सांगू नका.

अर्धा_कप
क्रोम वापर.
(राहवलं नाही.)

निवांत_नाना
मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला असणार. युनिकोड (अक्षरांची आताची सर्वमान्य संगणकी पद्धत) कन्व्हर्टरमधून काढा, दोन मिनिटांचं काम. आमच्या मंडळाचे जुने अहवाल मी असेच सोडवले.

शिरोरेखा
नाना, कृतिदेवचा मजकूर तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. इथे मराठी मराठीच दिसतंय, फक्त वेडंवाकडं. कन्व्हर्टर कशाला?
सायली, ऑपरेटिंग सिस्टिम कुठली? सगळ्या साइटींवर होतंय का? हल्ली एखादा फॉन्ट टाकलास?

सायली_न
लॅपटॉप आहे.

शिरोरेखा
लॅपटॉप ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे गं बाई.

सायली_न
लिनक्स मिंट. प्रुफांचं पान आणि एक बातम्यांची साइट, एवढ्यावरच. बाकी ठीक. नवीन काहीही टाकलेलं नाही.

पाटावरवंटा
सेटिंग्जमध्ये जनरल, फॉन्ट्स, मग ॲडव्हान्स्ड. तिथे वर 'देवनागरी' निवडून आपल्या आवडीचा फॉन्ट द्या आणि 'पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू द्या' ही खूण काढा. मी सात वर्षं असंच वापरतोय. विषय संपला.

शिरोरेखा
विषय झाकला जाईल, संपणार नाही. ती खूण काढली की काही साइटींवर बटणांवरच्या चित्रांच्या जागी चौकोन येऊ शकतात, कारण तीही फॉन्टमधूनच येतात.
सायली, बिघडलेल्या ओळीवर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, मग उजवीकडे 'फॉन्ट्स'. कुठली नावं दिसतात?

पाटावरवंटा
मला चौकोन दिसत नाहीत.

सायली_न
'मंगल'. आणि खाली 'नोटो सॅन्स देवनागरी', त्यावर माउस नेला की फक्त ते ॲ रंगतात.
अच्छा, मागच्या आठवड्यात बाबांच्या जुन्या विंडोज एक्सपीवरून मंगल फॉन्ट आणला होता. एका अर्जाला 'मंगल, १२ पॉइंट'च हवा होता. पण तो फक्त लिबरऑफिस रायटरसाठी टाकलाय!

शिरोरेखा
फक्त रायटरसाठी असं काही नसतं. फॉन्ट एकदा फोल्डरमध्ये पडला की सगळ्यांचा. त्या दोन साइटींनी पहिलं नाव 'मंगल' मागितलं असणार. पूर्वी तुझ्याकडे तो नव्हता म्हणून नोटोवर भागत होतं. फोनमध्येही मंगल नाही, म्हणून तिथे ठीक.
आता ॲचं. एक्सपी २००१चं. ॲला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्या मंगलमध्ये हे अक्षर असणार कुठून? मग फायरफॉक्स तेवढंच एक अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो. फॉन्ट काढ, टर्मिनलमध्ये एफसी-कॅश (फॉन्टांची यादी ताजी करणारी आज्ञा) चालव, फायरफॉक्स पूर्ण बंद करून उघड.

भर_दुपारी
मुळात सरकारी अर्जांना मंगल मागणंच चूक. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयात ल पाकळीचा आणि श देठाचा सांगितलाय, आणि अर्ज भरायचे हिंदी वळणाच्या, दांडीच्या ल ने!

पाटावरवंटा
अर्ज सरकारी होता असं कुठे म्हणाली ती?

भर_दुपारी
मंगल आणखी कोण मागतं?

निवांत_नाना
आमच्या वेळी छापखान्यात खिळे जुळवायचे. ल कुठला ते जुळारी ठरवायचा.

सायली_न
काढला! ल, श, ओळींचं अंतर सगळं जागेवर. शिरोरेखा, खूप आभार. पण ठिपक्यांची वर्तुळं तशीच आहेत.

शिरोरेखा
फोनवर 'सगळं ठीक' होतं ना? वर्तुळाची तीच ओळ फोनवर उघडून बघ.

सायली_न
…फोनवरही आहे. तेव्हा पहिलंच पान बघितलं होतं.

शिरोरेखा
मग तो फॉन्टचा दोष नाही, टायपिंगचा आहे. मुद्रकाच्या माणसाने अ आणि वर चंद्र अशी दोन वेगळी चिन्हं मारलीत: अॅ. फायरफॉक्समध्ये अक्षरं जुळवणारा हार्फबझ ही जोडी चुकीची धरतो आणि मध्ये वर्तुळ घालतो. एकसंध ॲ हवा. शोधतानाही हे दोन वेगळे शब्द धरले जातात, एक शोधलास तर दुसरा सापडणार नाही.

पाटावरवंटा
अ नंतर अदृश्य जोडचिन्ह घालूनही वर्तुळ जातं. मी तसंच करतो.

शिरोरेखा
म्हणजे शोधायला तिसरा प्रकार.

सायली_न
मुद्रकाला फाइंड-रिप्लेस करायला सांगितलं. सगळी वर्तुळं 'ॲड.'मध्येच निघाली. आमच्या सोसायटीत इतके वकील आहेत हे आज कळलं.

निवांत_नाना
कन्व्हर्टरची लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?