डिस्ने वर्ल्डला काहीही न ठरवता जायचंय, जमेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या शेवटी न्यू जर्सीहून ऑरलँडोला, डिस्ने वर्ल्डला चाललोय. आम्ही दोघं, मुलगा (११), मुलगी (६) आणि सध्या इकडे आलेले माझे आई-बाबा. विमानाची तिकिटं काढली आहेत. त्यापुढे काहीच ठरलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ठरवायचंही नाही.

पण ज्याला सांगावं तो घाबरवतोय. ऑफिसमधल्या एकीने तिची एक्सेल शीट पाठवली. पहाटे उठण्यापासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, त्यात एक रकाना चक्क बाथरूमचा. मामेभाऊ म्हणतो, ६० दिवस आधी टेबल बुक केलं नाहीस तर उपाशी राहशील. आमच्या लग्नाच्या हॉललासुद्धा एवढी घाई केली नव्हती हो.

मंडळींचं थोडं सांगतो, म्हणजे सल्ला द्यायला बरं पडेल. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि सकाळी दोन चहा झाल्याशिवाय ते जागचे हलत नाहीत. तासगावकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे कुठेही गेलं तरी नजर झाडांकडे आणि मातीकडे. आईचा श्रावण चालू असेल, म्हणजे कांदा-लसूण नाही आणि सोमवारी उपास. मुलाला जोरात पळणारं काहीही चालतं. मुलीला किल्ला आणि राजकन्या. बायको म्हणते, मला सावलीत बाकडं आणि पुस्तक द्या, बाकी तुमचं चालू द्या.

नियोजन कसं करायचं ते विचारत नाहीये. किती कमी केलं तर चालेल, ते विचारतोय. आधी करावंच लागतं असं नेमकं काय? रांग टाळायचे पास घ्यायलाच हवेत का? आणि राईडमध्ये न बसणाऱ्या ज्येष्ठांना तिथे दिवसभर करमतं का?

—

पायपीट

स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे खोपोलीचं इमॅजिका नाही, की सकाळी गेलो आणि संध्याकाळी घरी. मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम अशी चार वेगवेगळी पार्कं आहेत आणि सगळा पसारा सुमारे ४० चौरस मैलांचा. मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने गेलात तर गाडी तळ्याच्या अलीकडे लावायची, मग मोनोरेल किंवा फेरीबोटीने पलीकडे. दारात पोचेपर्यंतच बाबांचा तिसरा चहा होईल.

लाइटनिंग लेन, म्हणजे तो रांग टाळायचा पास, डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी आणि बाकीच्यांना ३ दिवस आधी खुला होतो. चांगल्या वेळा भराभर जातात. इतके पैसे भरून, मुलांना उन्हात उभं करून, 'आम्ही निवांत आहोत' म्हणण्यात काय हशील?

—

दुपारची_झोप

जमतं. आम्ही तसेच गेलो होतो आणि पुन्हाही तसेच जाऊ. फक्त एक गोष्ट निघण्याआधी घरात बोलून घ्या: सगळं बघून होणार नाही. मुलाला विचारा, एकच राईड मिळाली तर कुठली? मुलीलाही विचारा. तेवढ्या दोन सांभाळायच्या. बाकी जे हाताला लागेल ते.

आधी करायचं म्हणजे राहायची जागा आणि पार्कची तिकिटं. तिकीट तारखेचं असतं आणि दर तारखेप्रमाणे बदलतो, म्हणून ते आधी घेतलेलं बरं. पूर्वी कुठल्या दिवशी कुठलं पार्क हेही नोंदवावं लागायचं. तारखेच्या तिकिटांना जानेवारी २०२४ पासून ते लागत नाही, सकाळी उठून ठरवलं तरी चालतं. त्यातही ४ दिवसांचं तिकीट ७ दिवसांच्या मुदतीत वापरता येतं. म्हणजे मध्ये रिकामे दिवस सोडा, पोहा, झोपा. एका दिवसात दोन पार्कं करायची जादा पैशांची सोय तुम्हाला नको.

ऑगस्टअखेर ही वेळ तुम्हाला नकळत बरी सापडली आहे. फ्लोरिडातल्या आणि दक्षिणेकडच्या बऱ्याच शाळा ऑगस्टच्या पूर्वार्धातच उघडतात, तुमच्या न्यू जर्सीच्या मात्र बहुतेक लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार). त्यामुळे गर्दी ओसरलेली असते. उकाडा मात्र जीव काढतो.

रांगा सकाळी उघडल्या उघडल्या आणि रात्री बंद होताना छोट्या असतात. सकाळ बाबांच्या चहात जाणार हे धरूनच चाला आणि रात्रीचा फायदा घ्या. बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत शिरलात की राईड मिळते, म्हणून मुलाची लाडकी राईड शेवटाला ठेवा. दुपारी एक ते पाच तिथे थांबूच नका. हॉटेलवर जा. हे जमावं म्हणून हॉटेल मोनोरेलच्या किंवा स्कायलायनरच्या (केबल कार) वाटेवरचं बघा. पैसे थोडे जास्त जातात, पण सहा जणांना परत आणायची कटकट वाचते. तुमच्या बेतात पैसे कुठे घालायचे तर इथे.

रांगेच्या पासाचं म्हणाल तर रोज सगळ्यांसाठी घेऊ नका. काही मोठ्या राईड्सचा सुटा पास मिळतो. मुलाच्या त्या एका राईडसाठी घेतलात तर पैसे वसूल.

—

कोथिंबीर

मी आई-बाबांपुरतं लिहिते, कारण माझ्या सासूबाई अजून त्या सहलीचं कौतुक सांगतात आणि त्या एकाही उंच पाळण्यात बसल्या नव्हत्या.

बाबांना एप्कॉटला न्याच. तिथे 'द लँड' नावाच्या दालनात 'लिव्हिंग विथ द लँड' ही बोटीची संथ सफर आहे. बोट खऱ्याखुऱ्या हरितगृहांमधून जाते: मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, वेलींना दिलेले आधार, मत्स्यशेतीच्या टाक्या. तिथलं उत्पादन तिथल्या उपाहारगृहांत वापरतात. द्राक्षबागायतदार माणूस दोनदा बसेल, बघा. रांगही बहुधा फार नसते.

त्याच पार्कात तळ्याभोवती ११ देशांची दालनं आहेत, पूर्ण फेरी सुमारे दोन किलोमीटर. गुडघ्याचं बघता व्हीलचेअर भाड्याने घ्या. बाबा 'मी काय म्हातारा झालो का' म्हणतील, तर सामान ठेवायला घेतली म्हणून सांगा. अर्ध्या फेरीनंतर आपणहून बसतात.

मॅजिक किंगडममध्ये 'पीपलमूव्हर' ही उंचावरून हळूहळू फिरणारी गाडी आहे, वारा लागतो, धक्के नाहीत. ॲनिमल किंगडममध्ये 'महाराजा जंगल ट्रेक' आहे. आनंदपूर नावाचं कल्पित गाव, जुन्या राजवाड्याचे मुद्दाम बांधलेले अवशेष आणि त्यात वाघ. आपली माणसं ताडोबा सोडून फ्लोरिडात वाघ बघतात याची गंमत वाटते, पण ती वाट सावलीची आहे आणि छान आहे.

खाण्याचं अजिबात टेन्शन नको. स्वतःपुरतं घरचं खाणं आत नेता येतं. काचेची बरणी नको आणि गरम करावं लागेल असं नको. दशम्या, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू, केळी न्या. आईंचा सोमवार सुटला. झटपट खाण्याच्या काउंटरवर पेलाभर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, मागायला लाजू नका.

६० दिवसांचं म्हणाल तर ते वेटर येऊन वाढतो त्या जागांपुरतं. काउंटरवर घेऊन खायच्या ठिकाणी काही लागत नाही. श्रावण पाळत नसलेल्यांसाठी एक सुचवते: ॲनिमल किंगडम लॉजमधलं 'सना'. आफ्रिकी जेवणाला भारतीय वळण, नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या, खिडकीबाहेर जिराफ. तिथे जायला पार्कचं तिकीटही लागत नाही. टेबल बुक केलेलं नसेल तर ॲपवर त्या दिवशीच्या यादीत नाव घालून बघा. मिळालं तर मिळालं.

—

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार! बाबांना हरितगृहाचं सांगितलं, तर ते आता मलाच विचारतायत की पाण्यात कुठली खतं घालतात.

अजून दोन शंका. मुलगी ४५ इंच उंच आहे, राईड्सच्या उंचीच्या अटीमुळे तिला किती ठिकाणी बाहेर बसावं लागेल? आणि वादळाचं काय? ऑगस्टमध्ये चक्रीवादळं येतात म्हणे.

@पायपीट, राग कसला, तळ्याचं मला माहीतच नव्हतं.

—

पायपीट

४५ इंचाला पुष्कळ काही मिळतं. सात बुटक्यांच्या खाणगाडीला ३८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४. ट्रॉन या जोरात पळणाऱ्या राईडला मात्र ४८, म्हणजे तिथे फक्त तुम्ही आणि मुलगा. आजीआजोबा सोबत आहेत, तिला सांभाळायचा प्रश्न नाही. ते हॉटेलवर असतील तर 'रायडर स्विच' मागा. एक पालक मुलाबरोबर जाऊन येतो, दुसरा मुलीपाशी थांबतो, आणि मग त्याला सगळी रांग पुन्हा लावावी लागत नाही.

घरून निघताना तिला सांगून ठेवा की ट्रॉन नाही. दारातल्या मापाच्या काठीपाशी कळलं तर रडारड.

आणि हो, दुपारी हॉटेलवर परतायचं ते @दुपारची_झोप यांचं बरोबर आहे. आमची मुलं चारनंतर कोणाचंच ऐकत नव्हती.

—

दुपारची_झोप

पाऊस दुपारी जवळपास रोज धरूनच चाला. विजा चमकल्या की उघड्यावरच्या राईड्स थांबवतात, आतल्या चालू राहतात. सर थांबेपर्यंत बरेच लोक कंटाळून निघून जातात आणि संध्याकाळच्या रांगा आखडतात. तुम्ही तेव्हा झोपून उठलेले असाल. छत्र्या नेऊ नका, घरून पातळ रेनकोट न्या, आणि मुलांना पायमोज्यांचा जादा जोड.

चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे तुमच्या तारखा अगदी मध्ये येतात. हॉटेल रद्द करता येईल अशाच दराने घ्या आणि विमान कंपनीचे तारीख बदलायचे नियम आजच वाचून ठेवा. आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमा फ्लोरिडात चालतो ना, तेही एकदा फोन करून विचारा.